एसएसडीला शिव्या घालण्याआधी जरा भागाकार करा

कृष्णाकाठचा_गडी

काल इथंच एकानं लिहिलंय, "साडेचार हजार घालून एनव्हीएमई एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवली. गेम झटक्यात उघडतो, पण रेकॉर्डिंग दर दोन-तीन सेकंदाला अडखळतंय. जुन्या हार्डडिस्कवर लोण्यासारखं व्हायचं. एसएसडी म्हणजे जाहिरातींचं खूळ, कुणी फसू नका." खाली चौदा जणांनी माना डोलावल्यात. दोघांनी तर ऑर्डर रद्द केली म्हणे. म्हणून हा वेगळा धागा.

अहो, ओबीएसमध्ये (ज्यानं स्क्रीन रेकॉर्ड करताय त्या सॉफ्टवेअरमध्ये) बिटरेट, म्हणजे सेकंदाला लिहायचा डेटा, किती ठेवलाय? ५० एमबीपीएस धरू. ते मेगाबिट झाले. आठानं भागा, सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट. रडतकढत चालणारी हार्डडिस्कसुद्धा सलग लिहिताना शंभराच्या आसपास लिहिते, एनव्हीएमई तर हजाराच्या पुढं. दहा टायरी ट्रकात भडंगाची एक पिशवी टाकली आणि ट्रकाचे पाटे बसले, असं सांगताय तुम्ही.

एसएसडी घालताना लोक विंडोजही नव्यानं टाकतात, गोम तिथं असते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोजनं आपल्या मनानं घातलेला. विंडोज ११ असेल तर मेमरी इंटेग्रिटी (विंडोजची एक सुरक्षेची सोय) चालू. गेम अडत असेल तर ती बंद करून बघा असं खुद्द मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये लिहिलंय (खेळून झालं की परत चालू करा, हेही लिहिलंय). मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि रेकॉर्डिंग सेकंदाला ६० फ्रेमचं असेल तर भागाकार २.४ येतो, म्हणजे कधी दोन फ्रेमनंतर एक उचलायची, कधी तीन. झटका दिसणारच.

आधी ओबीएसची स्टॅट्सची खिडकी उघडा. रेंडरिंग लॅग (चित्र तयार करताना सुटलेल्या फ्रेम) वाढत असेल तर ग्राफिक्सला दम लागलाय. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ आवळून लहान करणाऱ्या भागाला. दोन्ही शून्य असतील तर फाईल धड आहे आणि तुमचा प्लेयर अडखळतोय. व्हीएलसी प्लेयरमध्ये E दाबत एकेक फ्रेम पुढं न्या, कळेल.

हळकुंड_सांगली

चौदा जणांना नासवणारा तो मीच. नमस्कार.

प्रवचन छान झालं, पण विंडोज मी नव्यानं टाकलीच नाही. जुनी जशीच्या तशी नव्या डिस्कवर क्लोन (हुबेहूब नक्कल) केली. ड्रायव्हर तेच, सेटिंग तेच, मॉनिटर ७५ हर्ट्झचा तोच. रायझन ५६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १६ जीबी रॅम. आधी लॅग शून्य, आता रेंडरिंग लॅग ११ टक्के. बदलली फक्त एकच वस्तू. आता तुम्ही परत भडंग मोजत बसा.

पोवईनाका_फ्रेम

गड्याचं गणित कागदावर बरोबर आहे, पण सगळ्या एसएसडी एका माळेचे मणी नसतात राव. मी साताऱ्यात लग्नाचं शूटिंग करतो. मागच्या सीझनला स्वस्तातली एक टीबीची एसएसडी घेतली, क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी). एका लग्नाचा डेटा ओतायला घेतला. पहिली मिनिटं वाऱ्यासारखी गेली, मग सेकंदाला ७०-८० वर येऊन बसली. हार्डडिस्कच्याही खाली! आत थोडी जागा वेगानं लिहायला राखलेली असते, ती भरली की खरा चेहरा दिसतो. आणि ड्राइव्ह जितका भरलेला तितकी ती जागा आक्रसते. नवरीकडचे दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर मागत होते. माझी अवस्था काय सांगू.

कृष्णाकाठचा_गडी

पोवईनाका, तुमच्या ८० मध्येसुद्धा सव्वासहा बारा वेळा बसतात. शिवाय डिस्क मागं पडली तर रेंडरिंग लॅग कशाला वाढेल? मुद्दा काय, बोलताय काय.

पोवईनाका_फ्रेम

मुद्दा हा की 'एसएसडीचा दोष कधीच नसतो' हे वाक्य तुम्ही लग्नाच्या मांडवात येऊन म्हणून दाखवा.

मिरजेची_माई

माझा प्रश्न वेगळाय. हे क्लोन करून दिलं कुणी? दुकानात देऊ नका हो! चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी 'पीसी स्लो झालाय' म्हणून एका दुकानात टाकला. त्या पोरानं न विचारता सगळी डिस्क फॉरमॅट मारली. डी ड्राइव्हवर लेकीच्या बारशापासूनचे फोटो होते. वर पाचशे रुपये घेतले आणि म्हणतो, "काकू, आता बघा कसा पळतोय." पळतोय खरा. आत काही उरलंच नाही तर पळंल नाही तर काय.

गणपतीपेठ_रिपेरी

आलं, दुकानदारांवर आलंच. माई, झालं ते वाईट झालं, त्या पोराचा कान धरायला पाहिजे होता. पण आमचीही बाजू ऐका. गिऱ्हाईक माल ऑनलाइन घेणार आणि बसवायला माझ्याकडं येणार. "स्क्रूच तर लावायचाय, दोनशे कशाला?" आणि तो एवढासा स्क्रू ह्यांनी खोक्यासकट फेकून दिलेला असतो! बॅकअप घेतलाय का विचारलं की "तुमीच घ्या की". पाचशे जीबी काढून ठेवायला माझी डिस्क, माझी लाइट, माझे तीन तास. ते फुकट.

मिरजेची_माई

मग तसं आधी सांगावं. फोटो पुसून झाल्यावर 'आमची बाजू' कसली? पाचशेच काय, हजार दिले असते.

हळकुंड_सांगली

म्हणूनच मी दुकानाची पायरी चढलो नाही. सगळे चोर. एक व्हिडिओ बघितला, घरी बसवली, काम अर्ध्या तासात.

गणपतीपेठ_रिपेरी

चोर कुणाला म्हणता? बावीस वर्षं दुकान चालवतोय. २०१९ च्या पुरात पाणी शिरलं तेव्हा गिऱ्हाइकांचे अकरा सीपीयू आधी माळ्यावर चढवले आणि माझा यूपीएसचा स्टॉक खाली बुडाला. असले चोर तुमच्या गल्लीत अजून दोन-चार असू देत.

अजिंक्यतारा_वरून

अहो थांबा सगळे. मूळ प्रश्न रेकॉर्डिंगचा होता. जाता जाता एक, एमपी४ मध्ये रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्ही करा. लाइट गेली की साध्या एमपी४ ची अख्खी फाईल जाते, एमकेव्हीत तोवरचं शाबूत राहतं. दोन तासांचा डाव गमावून शिकलोय.

पोवईनाका_फ्रेम

लाइटचं नका काढू, रात्र जाईल.

हळकुंड_सांगली

रिपेरीवाले, चोर शब्द मागे. पण अनुभव तसेच आहेत. घरच्या घरी केलं तर निदान सीपीयू नीट साफ तरी झाला. आमचं घर हळदीच्या अडतीच्या मागं. झाकण उघडलं तर आत पिवळंजर्द, खंडोबाची जत्रा! फॅन पुसला, ब्लोअर मारला, रॅम काढून खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या. दुकानात कोण करतंय एवढं?

गणपतीपेठ_रिपेरी

रॅम काढल्या होत्या?

हळकुंड_सांगली

हो. ८-८ च्या दोन. का?

गणपतीपेठ_रिपेरी

परत कुठं घातल्या? बोर्डावर चार खोबणी असतील.

हळकुंड_सांगली

शेजारी-शेजारी. पहिली आणि दुसरी. आधी एक सोडून एक होत्या, ते बघायला विचित्र दिसत होतं म्हणून नीट लावल्या.

गणपतीपेठ_रिपेरी

नीट लावल्या! अवो सायेब, पहिली आणि दुसरी एकाच चॅनेलच्या. दोन लेनचा रस्ता तुम्ही एका लेनचा केलात. ३२०० ची रॅम असेल तर दोन्ही चॅनेलवर सेकंदाला ५१.२ गिगाबाइटचा मार्ग, एकावर निम्मा, २५.६. आणि ५६००जी ला स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसते. गेम, स्क्रीन, रेकॉर्डिंग, सगळं त्याच रॅममधून ओढतंय. म्हणून तर लॅग रेंडरिंगचा येतोय. कॅबिनेट उघडा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत घाला. दोन्हीकडची खिट्टी टक्क वाजली पाहिजे. आधी मेन स्विच बंद करा, नाहीतर तेही माझ्याच माथी.

कृष्णाकाठचा_गडी

वा! म्हणजे 'बदलली फक्त एकच वस्तू'. आणि रॅम काय, देवघरातल्या मूर्ती होत्या का? पुसल्या नि रांगेत मांडल्या.

हळकुंड_सांगली

(रात्री ११.४०) घातल्या. दुसरी, चौथी. वीस मिनिटं रेकॉर्ड केलं. रेंडरिंग लॅग ०.१ टक्का. गेमही हलका झालाय. मधे तोही जड वाटत होता, मला वाटलं अपडेट आलं असेल.

एसएसडीचा दोष नव्हता, हे मान्य. पण एसएसडी आणली नसती तर कॅबिनेट उघडलं नसतं, हेही तुम्ही मान्य करा.

कृष्णाकाठचा_गडी

हे कबूल करणं म्हणायचं का? कालच्या धाग्यावर जाऊन दुरुस्ती टाका, दोघांनी ऑर्डर रद्द केल्यात. आणि मीही चुकलो म्हणा, माझ्या यादीत रॅम नव्हतीच. खूश?

पोवईनाका_फ्रेम

दुरुस्ती टाकताना 'क्यूएलसी घेऊ नका' एवढं माझ्या नावानं घाला.

हळकुंड_सांगली

टाकतो. रिपेरीवाले, फी किती झाली?

गणपतीपेठ_रिपेरी

दोनशे. स्क्रू तुमचा होता म्हणून.

मिरजेची_माई

बाकी सगळं ठीक, पण फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरनं फोटो परत येतात का, हे कुणी सांगितलंच नाही. डिस्क अजून कपाटात आहे, हार्डडिस्कच आहे.

गणपतीपेठ_रिपेरी

माई, त्यानंतर तिच्यावर काही लिहिलंय का? नसेल तर पीसीला लावूच नका, तशीच घेऊन या. क्विक फॉरमॅट असेल तर फोटो तिच्यावर पडून असतात, फक्त पत्ते पुसलेले असतात. नवं काही लिहिलं की वरून पोचारा फिरतो. एसएसडी असती तर 'नाही' म्हणालो असतो, तिच्यात ट्रिम (पुसलेली जागा रिकामी करणारी सोय) सगळं झाडून टाकतं.

मिरजेची_माई

दोन वर्षं तशीच वापरली की हो. येते तरी, शनिवारी.