लफेव्र: आडनाव, उच्चार आणि आडनावबंधू

प्रश्न: शहरनियोजनावरच्या लेखांत एका फ्रेंच तत्त्वज्ञाचं आडनाव कधी 'लेफेब्रे', तर कधी 'लेफेब्व्र' वाचायला मिळतं. नेमका उच्चार काय? आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे इतिहासकार ते हेच का?

उत्तर: लिहावं 'लफेव्र'. फ्रेंच लिखाणात मध्ये 'ब' आहे, पण तो उच्चारत नाहीत. लॅटिन 'फाबेर' म्हणजे कारागीर. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'फेव्र' म्हणजे लोहार, म्हणून 'ल फेव्र' ('ल' हे इंग्रजी 'द'सारखं उपपद). बोलण्यातून 'ब' केव्हाच गेला होता, पण लॅटिन जाणणाऱ्या लेखनिकांनी मुळाची आठवण ठेवून तो परत लिहिला. त्या काळी 'उ' आणि 'व' एकाच अक्षराने लिहीत. त्यामुळे काही घराण्यांचं नाव वाचताना चुकलं आणि 'लफेब्यूर' असं वेगळंच आडनाव रूढ झालं. मला या सगळ्यात हा भाग फार आवडतो: लिपीतल्या संदिग्धतेने माणसांची आडनावं बदलली!

लोहाराला आज फ्रेंचमध्ये 'फोर्जरों' म्हणतात. जुना 'फेव्र' उरला तो आडनावात आणि 'ऑर्फेव्र' म्हणजे सोनार या शब्दात.

आता माणसं. 'शहरावरचा हक्क' ही कल्पना 1968 साली मांडणारे तत्त्वज्ञ ते आंरी लफेव्र (1901–1991). राज्यक्रांतीचे इतिहासकार जॉर्ज लफेव्र (1874–1959) वेगळे. लीलमध्ये जन्मलेल्या जॉर्ज यांनी उत्तर फ्रान्समधल्या शेतकऱ्यांची दप्तरं चाळून क्रांतीचा इतिहास खालून वर लिहिला. संदर्भ देताना नुसतं आडनाव लिहू नये, पूर्ण नाव द्यावंच.

नेपोलियनचे मार्शल फ्रांस्वा जोसेफ लफेव्रही याच आडनावाचे. 1807 मध्ये डान्झिग (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जिंकल्यावर ते तिथले ड्यूक झाले. त्यांची पत्नी कातरीन पूर्वी धोबीण होती.

पुरवणी प्रश्न: दक्षिण फ्रान्समध्येही हेच आडनाव आहे का?

उत्तर: मूळ तेच, रूपं निराळी. 'लफेव्र' प्रामुख्याने उत्तरेकडचं. दक्षिणेत 'फाब्र' आणि 'फोर', आल्प्सच्या बाजूला 'फाव्र'. वायव्य फ्रान्समधल्या ब्रेतॉन भाषेत लोहार म्हणजे 'गोफ', त्यावरून 'ल गॉफ'. मध्ययुगाचे इतिहासकार जाक ल गॉफ याच आडनावाचे. कीटकांचं आयुष्य टिपणारे जाँ-आंरी फाब्र (1823–1915) दक्षिणेतल्या आव्हेरोंचे. 'फाब्र'मधला 'ब' मात्र स्पष्ट उच्चारायचा.