जीएलसी की क्यू फाइव? आधी इंजिन बघा

भाऊ, नांदेडहून सारखं मुंबईला जाणं असतं, मर्सिडीज जीएलसी घेऊ की ऑडी क्यू फाइव, असं तुम्ही विचारलंत. आणि वर सगळे सनरूफवर भांडतायत! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे, तेव्हा तो पडदा उघडणार कोण, राव?

खरा फरक इंजिनात आहे. बीएस ६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम आल्यावर, २०२० पासून, ऑडीनं भारतात डिझेल सोडलं. क्यू फाइव फक्त पेट्रोल. जीएलसी २२० डी डिझेल आहे, टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ४४० न्यूटन-मीटर. समृद्धीवर एकसारखं पळायचं तर मी डोळे झाकून हीच घेईन. मात्र एरवी गाडी नांदेडातच, तरोड्यापासून वजिराबादपर्यंत फिरणार असेल तर डिझेल नको. छोट्या फेऱ्यांत डीपीएफमधली, म्हणजे डिझेलच्या धुराच्या गाळणीतली काजळी जळत नाही, मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो.

क्यू फाइव आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जाते. कौतुक आहेच, पण म्हणून पार्ट लवकर मिळेल असं नाही. टायरची कड फुटली तर गाडी कुठवर ओढून न्यावी लागेल, हे दोन्हीकडे विचारा. डिकी कागदावर जीएलसीची मोठी, ६२० लिटर. पण स्टेपनी कुठे ठेवलीय ते उघडून बघा, जागा तीच खाते.

जुन्या व्हिडिओतल्या किमती धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर २८ टक्के जीएसटी अधिक २२ टक्के सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आहे.