एक मोठा पंप की दोन लहान?
मडगावच्या सदस्यांनी २०० लिटरच्या रीफ टाकीत (प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) पाणी खेळते ठेवण्यासाठी ताशी ८००० लिटरचा एकच पंप पुरेल का, असे विचारले आहे. आकड्यांचा हिशेब बरोबर आहे, कारण ताशी टाकीच्या ४० पट प्रवाह कठीण प्रवाळांनाही मानवतो; परंतु एकाच दिशेने सतत येणारा झोत समोरच्या प्रवाळाची ऊती सोलून काढतो आणि खडकांमागे मात्र गाळ साचत राहतो. म्हणून ताशी ४००० लिटरचे दोन पंप समोरासमोरच्या काचांवर थोडे तिरपे लावून आळीपाळीने चालवणे मला अधिक योग्य वाटते. केवळ मऊ प्रवाळ असतील तर निम्मा प्रवाहही पुरतो. पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) एकाच बाजूला वाकून राहिले, तर पंपाचा कोन बदलावा.

गोव्यात पावसाळ्यात वीज जाते, याचा विचार मात्र खरेदीआधीच व्हायला हवा. कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, आणि पंप थांबले की तो आणखी घटतो. तेव्हा निदान एक पंप बॅटरीवर चालणारा डीसी असावा आणि त्याचा झोत पृष्ठभाग हलवणारा असावा, असा माझा आग्रह आहे. आवाज वाढला की रोटर (पंपातला फिरणारा भाग) बाहेर काढून, त्यावर बसलेला चुन्याचा पांढरा थर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासावा.