आउटकास्टचा पहिला अल्बम: नंतरच्या कीर्तीवर मिळालेले वाढीव गुण?

कानसेन (धागाकर्ता)
नव्वदीतल्या थोर रॅप अल्बमांची कुठलीही यादी उघडा, आउटकास्टचा 'सदर्नप्लेयलिस्टिकॅडिलॅकम्युझिक' त्यात असतोच. (नाव एका दमात वाचणाऱ्याला माझ्याकडून कटिंग.) एप्रिल १९९४, अटलांटाची दोन पोरं: आंद्रे १८ वर्षांचा, बिग बॉय १९ चा. कौतुक आहेच. पण छातीवर हात ठेवून सांगा, निम्मा अल्बम गाड्या, गांजा आणि 'आम्ही कसले प्लेयर' (म्हणजे पोरी फिरवणारे छैलछबिले) यातच जातो की नाही? खरा आउटकास्ट १९९६ च्या 'एटीलियन्स'पासून सुरू होतो. पहिल्या अल्बमला आज जे वलय आहे ते ऑगस्ट १९९५ च्या त्या रात्रीचं. न्यूयॉर्कला 'द सोर्स' या रॅपच्या मासिकाच्या सोहळ्यात यांना नवोदित गटाचा पुरस्कार मिळाला, सभागृहाने हुर्यो केली आणि आंद्रे माइकवर म्हणाला की साउथकडे (अमेरिकेच्या दक्षिणेकडे, जिथे अटलांटा आहे) सांगण्यासारखं काहीतरी आहे. भाषण गाजलं, अल्बम त्याच्या शेपटाला धरून वर आला.

खर्जातला_सा
कानसेनराव, तुमचा क्रम उलटा झालाय. हुर्यो ऑगस्ट ९५ ची. त्याआधीच अल्बम बिलबोर्डवर (अमेरिकेतली खपाची यादी) २० व्या क्रमांकापर्यंत जाऊन आला होता, दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम झालं होतं, आणि त्याच 'सोर्स'ने पाचपैकी साडेचार माइक (त्यांच्याकडे ताऱ्यांऐवजी माइक) दिले होते. आउटकास्टच्या अल्बमच्या आठवडाभर आधी न्यूयॉर्कच्या रॅपर नॅसचा 'इलमॅटिक' आला. पाच माइक, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. त्याला प्लॅटिनम व्हायला २००१ उजाडलं! भाषणाने अल्बमला मोठं केलं म्हणता? अल्बम होता म्हणून तर पोरं त्या मंचावर पोचली.

कानसेन
खप म्हणजे दर्जा नव्हे. एवढं तरी मान्य करा.

खर्जातला_सा
केलं. मग दर्जाचं बोलू. त्या काळी न्यूयॉर्कचं रॅप म्हणजे जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून केलेला ठेका. इथे ऑर्गनाइज्ड नॉइझ या निर्मात्यांच्या त्रिकुटाने खरी गिटार, खरा बास, कीबोर्ड वाजवून घेतला. लय अशी ऐसपैस की शब्दाला हेल काढायला जागा मिळते. तो हेलच तर न्यूयॉर्कच्या कानाला गावंढळ वाटला.

पानटपरी_फिलॉसॉफर
हे वाचून आमचं कॉलेज आठवलं. वऱ्हाडीत 'काहून बे' म्हटलं की पुण्याची मंडळी हसायची, विनोद केला नसला तरी. बाकी अल्बम ऐकलेला नाही, चालू द्या.

जास्वंदी
हेल, ठेका सगळं कबूल, पण एका बाजूला कोणी बोलतच नाहीये. या अल्बमात बायका कशा येतात बघा. वेश्यांच्या दलालाच्या तोऱ्यात बोलायचं आणि त्याला 'सदर्न स्टाइल' म्हणायचं. तेव्हाच्या परीक्षणांनीही ते मुकाट गिळलं आणि आजचे चाहतेही 'काळाचा परिणाम' म्हणून सोडून देतात. मला तीन-चार गाणी तर ऐकवतच नाहीत. कानसेन यांच्याशी निम्मी सहमत, कारण मात्र वेगळं.

खर्जातला_सा
जास्वंदी, याचा बचाव मी करणार नाही. फक्त त्याच अल्बमात 'गिट अप, गिट आउट' आहे हे विसरू नका. सात मिनिटांहून लांब, अटलांटाच्याच गुडी मॉब या गटाबरोबरचं. त्यात त्या गटातला सीलो स्वतःच्याच पोरसवदा तोऱ्याची सालं काढतो: शाळा अर्धवट, दिवसभर घरात लोळणं, घरच्यांच्या पदरी निराशा. प्लेयरगिरीचं हे दुसऱ्या दिवशी सकाळचं तोंड. १९ व्या वर्षी किती जण स्वतःच्या अल्बमात ही जागा ठेवतात?

जास्वंदी
ते गाणं चांगलंच आहे. एका गाण्याने बाकीची धुऊन निघत नाहीत.

डिकेटरकर
अटलांटात अकरा वर्षं आहे म्हणून तोंड घालतो. हे सगळं शिजलं ते तळघर लेकवुड भागात, ऑर्गनाइज्ड नॉइझमधले रिको वेड यांच्या आईच्या घराखाली. नाव 'डंजन'. जमीन धड केलेली नव्हती, जॉर्जियाची लाल माती तशीच. (आमच्याकडे पावसात बुटाला लागते ती हीच, कोकणातल्यासारखी.) पुढे बिग बॉयने ते घरच विकत घेतलं.

आणि कानसेन, तुम्ही म्हणता गाड्या आणि गांजा. 'वेलकम टू अटलांटा' नावाचा छोटा तुकडा ऐका. विमान उतरताना वैमानिक प्रवाशांना शहर दाखवतोय आणि अगदी सहज सांगतो की जॉर्जिया डोम या स्टेडियमवर अजून कॉन्फेडरेट झेंडा (गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्धात लढलेल्या दक्षिणी राज्यांचा) फडकतो. राज्याच्या झेंड्यात ते चिन्ह २००१ पर्यंत होतं. पार्टीच्या अल्बमात, एकाही शिवीशिवाय, दोन कृष्णवर्णीय पोरं हे पेरून जातात. न्यूयॉर्कवाल्या परीक्षकाला ते किती टोचलं असेल माहीत नाही, इथल्या माणसाला टोचतं.

कानसेन
झेंड्याचं लक्षातच आलं नव्हतं. असले तुकडे आले की मी सरळ पुढे ढकलतो. आज रात्री पुन्हा लावतो. 'एटीलियन्स' वरचढ, हे मात्र मागे घेणार नाही.

खर्जातला_सा
घेऊ नका. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, गाडीत लावा. आणि कटिंगचं काय झालं? मी नाव एका दमात वाचलंय.