वाचनालयाची साइट अंध वाचकांना वापरता येत नाही, कमिटीला कसं पटवायचं?

दांडियाबाजारवाली:
नमस्कार मंडळी, मी बडोद्यातल्या एका जुन्या मराठी वाचनालयात आहे, नाव सांगत नाही कारण कमिटीतले दोघं-तिघं इथे वाचतात 🙂 गेल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने नवी वेबसाइट केली, कॅटलॉग ऑनलाइन टाकला, जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून पीडीएफ चढवल्या. परवा एक वाचक आले, पूर्ण अंध आहेत, बँकेत नोकरी करतात. म्हणाले, ताई, तुमच्या साइटचा उंबराच मला ओलांडता येत नाही. खरं सांगते, आधी रागच आला. मग त्यांनी मोबाइलवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून ऐकवलं, तर नुसतं "बटन, बटन, अनलेबल्ड" आणि लॉगिनला तो वाकड्या अक्षरांचा कॅप्चा, आणि पीडीएफ उघडली तर फोन एकदम गप्प.

कमिटीत विषय काढला तर "अशा वाचकांची संख्या किती आपल्याकडे?" आणि पुढचा मुद्दा चहाच्या बिलाचा. माझं बी.लिब. २००४ चं, त्यात यातलं अक्षरही शिकवलं नव्हतं. तर पटवायचं कसं आणि आधी मी स्वतः शिकायचं कुठून?

मांडवीचे_काका:
कमिटी बडोद्याची आहे ना, मग बडोद्याचंच उदाहरण द्या. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणलं आणि १९११ मध्ये इथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला, देशातला पहिला. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती पेट्यांची. लाकडी पेटीत पुस्तकं भरून खेड्यापाड्यात पाठवायचे, फिरती पुस्तकालयं. तेव्हा "त्या गावातून मांडवीला वाचायला येतात किती" असं कोणी मोजत बसलं नाही, येता येत नाही म्हणूनच तर पेटी निघाली. हे मीटिंगमध्ये बोला, आमच्या पिढीला महाराजांचं नाव काढलं की नाही म्हणायला जड जातं, अनुभवाने सांगतो.

कायदाही आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यातलं कलम ४२ माहिती सुलभ स्वरूपात असण्याबद्दलच आहे आणि कलम ४६ मध्ये सेवा देणारे सरकारी असोत की खाजगी, दोन्ही येतात. पण सुरुवात कायद्याने करू नका, माणसं लगेच वकील शोधायला लागतात.

रावपुरा_टू_अलकापुरी:
मी जरा उलट बोलतो, रागावू नका. मी एका संस्थेचा खजिनदार आहे. हजारो पानं स्कॅन केलेली, त्याचं ओसीआर करायचं (म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर काढायचा), मग मराठी शुद्धलेखन तपासायचं, करणार कोण? जोडाक्षरं आली की मशीन काय वाट्टेल ते वाचतं. आणि कॉपीराइटचं काय, उद्या प्रकाशकाची नोटीस आली तर?

कान_माझे_डोळे:
ताई, तो बँकवाला मीच 😄 मला वाटलंच होतं तुम्ही इथे लिहाल.

खजिनदार साहेब, सगळं एकदम करा असं कोण म्हणतंय. मी एक पुस्तक मागितलं तर ते एक करा. आणि २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५२(१)(झेडबी) आलंय, दिव्यांग वाचकासाठी सुलभ प्रत नफा न घेता काढायला परवानगी आहे, फक्त ती आमच्यापुरतीच राहायला हवी, सगळ्यांना वाटत सुटायचं नाही. अंधांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढायला मोकळीक देणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा पहिला देशसुद्धा आपलाच, २०१४ मध्ये. शिवाय सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासारख्यांसाठीचं ऑनलाइन वाचनालय २०१६ पासून चालू आहे, तिथे कदाचित ते पुस्तक आधीच तयार असेल, मग तुमची मेहनतच वाचली. आधी तिथे शोधायचं एवढं स्टाफला माहीत असलं तरी अर्धं काम झालं.

शिकायचं म्हणाल तर एनव्हीडीए हा कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडर उतरवून घ्या, फुकट आहे, मराठी आवाज आहे (जरा रोबोटसारखा, सवय होते). त्यात स्क्रीन कर्टन नावाची सोय आहे, पडदा पूर्ण काळा होतो. तो लावायचा, माउस बाजूला ठेवायचा आणि आपल्याच कॅटलॉगमध्ये एक पुस्तक शोधून दाखवायचं. कमिटीलाही हेच करायला लावा, भाषण देऊ नका.

कोहावाला:
लायब्ररी सॉफ्टवेअरचं काम करतो म्हणून दोन गोष्टी. एक, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी लिहिलेली असते का बघा, नसेल तर बऱ्याचदा हिंदी आवाज मराठी वाचायला घेतो आणि ऐकणाऱ्याचं डोकं उठतं, आपल्याकडे तर गुजराती नोंदीही त्याच यादीत असतात त्यामुळे प्रत्येक नोंदीला भाषा लावायला हवी. दुसरं, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, जुन्या नोंदी बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, स्क्रीन रीडर तेच वाचणार. आम्ही एका ठिकाणी ऐकलं तर लेखकाच्या नावाऐवजी स्लॅश आणि कंस. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, नंतर एकदा नजर मात्र फिरवावी लागते.

बटनांना नावं द्यायला पैसे लागत नाहीत, तुमच्या वेबवाल्याचं एका दुपारचं काम आहे. पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आयएस १७८०२ पाळायचं असं एक वाक्य घाला, ते दिव्यांगांना वेबसाइट वापरता यावी यासाठीचं भारतीय मानकच आहे, म्हणजे उगाच वाद नको.

रावपुरा_टू_अलकापुरी:
एक-एक पुस्तक मागणीप्रमाणे असेल तर माझी हरकत नाही. तपासायला निवृत्त शिक्षक मिळतील, आमच्या गल्लीतच चार आहेत, दिवसभर व्हॉट्सअपवर लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ काढत असतात.

दांडियाबाजारवाली:
अध्यक्षांना फोन केला, पेट्यांची गोष्ट सांगितली, काका तुमचा नेम बरोबर लागला. शनिवारी ११ वाजता कमिटीचे सगळे येणार, काळ्या स्क्रीनवर पुस्तक शोधायला. शेव-उसळ माझ्याकडून, नाहीतर कोणी थांबायचं नाही. दादा, तुम्ही याल का शिकवायला? रिक्षाचं आम्ही बघतो, हेडफोन किती लागतील सांगा.

कान_माझे_डोळे:
येतो की. हेडफोन नकोच, स्पीकरवर लावू, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. आणि तो कॅप्चा शनिवारपर्यंत काढू नका बरं का, आधी अध्यक्षांना भरू दे.