मदत हवी आहे: शेरू गेल्यापासून बाबा गप्प आहेत

आमचा लॅब्राडॉर शेरू मागच्या महिन्यात किडन्या निकामी होऊन गेला. लॅब्राडॉर साधारण 10 ते 12 वर्षं जगतात हे ठाऊक होतं, तरी घर सुन्न झालंय. सगळ्यांत जास्त बाबा. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस शेरूच्या फिरण्यावरच बेतलेला असायचा. आता ते सकाळी बाहेरच पडत नाहीत. जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा मात्र अजून ताटाच्या कडेला काढून ठेवतात. नातेवाईक म्हणतात, "कुत्राच तर होता!" फार लागतं हो ते. आई म्हणते, लगेच नवीन पिल्लू आणूया. मला ती घाई वाटते. कुणाच्या घरी वयस्कर माणसाला असा धक्का बसलाय का? तुम्ही काय केलंत? पुण्यात यासाठी समुपदेशन करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.