नोटीस न देता काम सोडलं म्हणून कंपनी पगार आणि ग्रॅच्युइटी दोन्ही अडवतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. तो गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर होता. कॉन्ट्रॅक्टरकडून नाही, कंपनीच्या स्वतःच्या हजेरीवर. सहा वर्षं पूर्ण झालीत. पगाराच्या स्लिपवर बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,००० आणि भत्ते धरून २२,००० रुपये.

गेल्या महिन्यात गावी, राधानगरी तालुक्यात, वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांना उचलणं-बसवणं एकट्या आईच्या आवाक्यातलं नव्हतं. भावानं १७ तारखेची शिफ्ट केली आणि तो गावी गेला. सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की आता येणं जमणार नाही. लेखी राजीनामा नाही.

आता एचआर म्हणतात, नोटीस एक महिन्याची होती. १७ दिवसांचा पगार त्यात वळता केलाय, वर साडेनऊ हजार तुझ्याकडेच निघतात. ते भरल्याशिवाय फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) नाही, ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांप्रमाणे सोडताना मिळणारी रक्कम) नाही, पीएफचं नंतर बघू. बोनसचं तर नाव काढू देत नाहीत.

नोटिशीचं जे कायदेशीर निघत असेल ते आम्ही मानतो. पण केलेल्या कामाचा पगार आणि सहा वर्षांची ग्रॅच्युइटी त्या एका महिन्यापायी बुडते का? वडिलांच्या औषधांना पैसे लागतात हो, म्हणून घाईनं विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, पगार, ग्रॅच्युइटी, पीएफ आणि बोनस हे चार वेगळे हिशेब आहेत. कंपनी मुद्दाम एकत्र करतेय.

सगळ्यात आधी भावाला लेखी राजीनामा द्यायला सांगा. कारण लिहा, वडिलांचे डिस्चार्जचे कागद जोडा, ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जपून ठेवा, पण तेवढ्यावर राहू नका. राजीनामा नसेल तर कंपनी त्याला गैरहजर दाखवून काढून टाकू शकते आणि ते पुढच्या नोकरीत नडतं.

पगाराचं बघा. वेतन संहिता, म्हणजे पगाराबद्दलचा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यानुसार राजीनामा दिलेल्या कामगाराचा पगारही दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. नोटिशीची रक्कम मागायची तर आधी ती अट अपॉइंटमेंट लेटरमध्ये आहे का ते बघा. असली तरी एका महिन्याच्या पगारातून सगळी मिळून कपात निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे १७ दिवसांचा अख्खा पगार गिळणं बसतच नाही.

ग्रॅच्युइटी तर सोडूच नका. पाच वर्षं सलग झाली की हक्क पक्का, मग राजीनामा असो वा निवृत्ती. १५,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ६ वर्षं, म्हणजे साधारण ५१,९२३ रुपये. ती ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं. कंपनीचं नुकसान, मारामारी, कामावर असताना केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा कारणांनी काढलं असेल तरच ती रोखता येते. नोटीस न देणं त्या कारणांत नाही. राजीनाम्यासोबतच ग्रॅच्युइटीचा वेगळा अर्ज द्या, पोच घ्या.

बोनसचंही तेच. वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर किमान ८.३३ टक्के मिळतो. तो जातो चोरी, अफरातफर, हिंसा असल्या कारणांनी.

प्रतिसाद २

पीएफबद्दल सांगतो. तो पैसा कंपनीच्या तिजोरीत नसतो, ईपीएफओ या पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे एचआरच्या धमकीला अर्थ नाही. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की नोकरी सोडल्याची तारीख भाऊ त्यांच्या पोर्टलवर स्वतः टाकू शकतो. फक्त आजच पासबुक उघडून १७ दिवसांची वर्गणी भरली का ते बघा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अपॉइंटमेंट लेटर सापडलं. नोटीस एक महिन्याची आहे, पण पैसे कापण्याबद्दल त्यात एक ओळसुद्धा नाही. राजीनामा आणि ग्रॅच्युइटीचा अर्ज उद्या पोस्टात टाकतो. कंपनीनं दाद दिली नाही तर सहायक कामगार आयुक्तांकडे जायचं ठरलंय. आपल्या कोल्हापूरच्या कार्यालयात कुणी असा अर्ज केला असेल तर सोबत काय काय कागद न्यावेत, आणि भाऊ वडिलांपाशी असताना मी त्याच्या वतीनं गेले तर चालेल का, एवढं सांगा.